वावर, बचत गट आणि मधल्या फटी : एका सीआरपी ताईंच्या वर्षभराचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात अरुणावतीच्या पट्ट्यातलं गाव. ताईंचं वय ४४. घरची सहा एकर कोरडवाहू: चार एकरांत कपाशी, तिच्यात तुरीची तासं, उरलेल्या दोन एकरांत सोयाबीन. घरात नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी; मुलगा अमरावतीला शिकतो. शेती आणि घर सांभाळून ताई ‘उमेद’ या बचत गटांच्या सरकारी अभियानात सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) आहेत. म्हणजे गावातल्या गटांच्या बैठका, वह्या, बँकेच्या चकरा आणि कोणाचा हप्ता थकला की त्या घरची पायरी, हे सगळं त्यांच्याकडे. मी त्यांच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची रक्तदाब-साखर तपासणी उपकेंद्रात होते. आशाताईंनी फॉर्म भरून घेतला तेव्हा ताईंची तक्रार एकच होती, डावा गुडघा दुखतो. वजन ६८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २९ च्या वर. आपल्याकडे २३ पासून वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. बाईमाणसाला ८० च्या वर तो धोक्याचा. रक्तदाब १३६/८६. आईला मधुमेह. पुढे ग्रामीण रुग्णालयातून रिपोर्ट आले: हिमोग्लोबिन १०.१, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.३.

६.३ म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. इथे एक पेच असतो. अंगात लोह कमी असलं तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. ताईंचं रक्त कमी होतंच, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उपाशीपोटी साखर बघायला सांगितली. ती ११२ आली. १०० ते १२५ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, त्यामुळे आकडा फसवा नव्हता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. साखरेची गोळी मात्र लगेच नको, आधी चालणं-खाणं बघा, असं ठरलं.

त्यावर ताईंचा प्रश्न होता, “दिवसभर वावरात राबतो मॅडम, आणखी व्यायाम कायले पायजे?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शहरातल्या माणसाला दिलेला सल्ला, रोज अर्धा तास चाला, इथे जसाच्या तसा दिला तर तो त्या बाईच्या कष्टाचा अपमान ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि कामावरची मेहनत त्यात धरली जाते. निंदणाच्या दिवसांत ताईंची ही मिनिटं दोन दिवसांत भरतात. त्याच सूचनांत दुसरंही वाक्य आहे, ते सहसा कोणी सांगत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम मिळालं पाहिजे. तिथे ताई नापास होत्या.

म्हणून आम्ही आधी त्यांचं काम महिन्यांप्रमाणे कागदावर मांडलं. सरकी लावायची ती वाकून. निंदण बसून, नाहीतर वाकून. सोयाबीनची सोंगणी वाकून. वेच्यात पोटाशी ओटी बांधलेली, तिच्यात कापूस भरत जातो आणि वजन कमरेला पुढे ओढतं. वर्षभराचं सगळं काम एकाच बाजूला, पुढे. हात डोक्याच्या वर कधी जात नाहीत, पाठ मागे कधी वळत नाही. मांड्या आणि ढुंगणाचे मोठे स्नायू, जे रक्तातली साखर सगळ्यात जास्त वापरतात, ते ओणव्यानं उभं राहण्यात नुसते ताणलेले असतात. जोर लावून आकसत नाहीत. शिवाय तूर घरी आली, पऱ्हाटी उपटून झाली की फेब्रुवारी ते मे जवळजवळ काहीच नाही. त्या चार महिन्यांत बैठका, लग्नं, दुपारची झोप. वजन दर उन्हाळ्यात चढतं आणि पावसाळ्यात पुरतं उतरत नाही, हे ताईंनी स्वतःच सांगितलं. ब्लाऊजच्या मापावरून त्यांना ते ठाऊक होतं.

मग ठरलं ते असं: काम जे देत नाही तेवढंच व्यायामानं द्यायचं, आणि पीक बदललं की व्यायामही बदलायचा.

वेळ कुठून काढला

ताई साडेचारला उठतात. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, डबे, आठला वावर. दुपारी तीनला परत, मग गटाची कामं, संध्याकाळचा स्वयंपाक, नऊला जेवण, दहाला वहीत हिशेब. यात सलग अर्धा तास कुठेच नाही. फटी मात्र आहेत. गावात नळ एक दिवसाआड येतो आणि पाण्याची वाट बघण्यात बराच वेळ जातो. वरणाचा कुकर चढला की शिट्ट्या होईपर्यंत हात मोकळे असतात. रात्री गटातल्या बायांना बैठकीचे फोन करायचे असतात.

ताकदीचं काम कुकरच्या वेळात बसवलं, आठवड्यातून दोन संध्याकाळी. बाजेच्या कडेवर बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि हाताचा टेकू न लावता उठायचं, सावकाश बसायचं. ताईंना पहिल्या आठवड्यात सहा वेळाही जमेना, कारण गुडघा आत वळत होता. टाचांवर जोर आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, एवढं सुधारल्यावर दुखणं उठण्याच्या आड येईना. दुसरं, गोठ्याच्या भिंतीला तळहात लावून हात वाकवत छाती भिंतीजवळ न्यायची आणि ढकलून मागे यायचं. तिसरं, उताणं झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलून धरायची. चौथं, पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन पाण्यानं भरायची, म्हणजे पाच किलो. एक हात बाजेवर टेकून दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत ओढायची, मग हात बदलायचा. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. वीस मिनिटांच्या आत सगळं उरकतं आणि वरणही करपत नाही.

पाण्याचं मला जास्त आवडलं, कारण त्यात नवीन काहीच करायचं नव्हतं. ताई डोक्यावर पाण्याचा गुंड आणि डाव्या कमरेवर कळशी आणायच्या. वर्षानुवर्षं डावीच बाजू, आणि गुडघाही डावाच. त्याऐवजी दोन सारख्या बादल्या दोन हातांत, पाठ ताठ, खांदे मागे, पावलं लहान. पैसे भरून व्यायामशाळेत जाणारे लोक हाच व्यायाम वजनं उचलून करतात. सासूबाईंना आधी ते पटलं नाही. “बादल्या घेऊन गडीमाणसावानी चालते,” म्हणाल्या.

फोन चालता चालता करायचे, जेवणानंतर, अंगणातल्या अंगणात. रात्री नऊनंतर गल्लीत दिवे नसतात आणि कुत्री असतात, तेव्हा बाहेर जाण्याचा प्रश्न नव्हता. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, कारण चालते पाय ती लगेच वापरायला घेतात. भात खाल्ल्याच्या रात्री हे चुकवायचं नाही, एवढीच अट घातली.

सूर्यनमस्कार ताईंना शाळेपासून येतात आणि त्यांना तेच करायचे होते. निंदणाच्या महिन्यांत मी नको म्हटलं. दिवसभर ओणवं राहून आलेल्या कमरेला संध्याकाळी पुन्हा पुढे वाकवण्यात काय हशील? त्या दिवसांत उलट करायचं: पिकाचं एक तास, म्हणजे ओळ, संपलं की धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून हात कमरेवर ठेवायचे आणि पाच वेळा मागे वाकायचं. सूर्यनमस्कार उन्हाळ्यावर टाकले.

चहाचा नेम

खाण्यात सगळ्यात मोठी अडचण भाकर-भाजीची नव्हती, चहाची होती. सीआरपी ज्या घरी जाईल तिथे चहा होतो. दिवसाला सहा कप सहज. कपात दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम, म्हणजे दिवसाला साठ ग्रॅमच्या घरात. वरून घालायची साखर दिवसभरात २०-२५ ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हणतात. ताईंची एकट्या चहात दुपटीच्या वर. त्यात जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं बरंचसं लोह अंगी लागू देत नाही, आणि गोळीला लागून घेतला तर गोळीचंही तेच.

“बिनसाखरेचा द्या” म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं. गुळाचा चालेल का, असं ताईंनी विचारलं. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ आणि साखर यांत फरक नाही, तेव्हा तोही मार्ग बंद. आणि शुगरचं नाव काढायचं नव्हतं. हप्ता मागायला येणाऱ्या बाईला आजार आहे हे गावभर झालं की लोक कीव करतात, मग वसुली होत नाही, हे त्यांचं म्हणणं. तोडगा त्यांनीच काढला. आषाढी तोंडावर होती. चातुर्मासात कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण; ताईंनी परघरचा चहा सोडला. नेम म्हटल्यावर कोणी आग्रह करत नाही, उलट कौतुक होतं. घरी सकाळी एक आणि दुपारी एक, एक-एक चमचा साखर घालून. कार्तिकी आली तोपर्यंत त्यांच्यापुढे पाण्याचा गडू ठेवायची लोकांना सवय झाली होती.

आरोग्याचं शिक्षण देणारे आम्ही लोक असला उपाय कागदावर कधी लिहीत नाही. लिहायला पाहिजे.

ताटात काय होतं, काय आलं

सकाळी चहा-टोस्ट. दुपारी वावरात दोन पोळ्या आणि आलू-वांग्याचा रस्सा. रात्री भात, पातळ वरण, उरलेली भाजी. रात्रीच्या भाताचं कारण साधं आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट, आणि त्यात तांदूळ-गहू. ज्वारी विकत घ्यावी लागते, कारण गावात ती आता फारशी पेरतच नाहीत. सोयाबीन आलं, कडबा खाणारी जनावरं कमी झाली, आणि जो एकटादुकटा ज्वारी पेरतो त्याच्या वावरात पाखरं आणि रानडुकरं सगळ्यांच्या वाटची येतात. वऱ्हाडातल्या घरात भाकर पाहुणी झाली आहे ती अशी. तेव्हा “तांदूळ सोडा, ज्वारी खा” हे वाक्य पैशाचं आहे, नुसतं आरोग्याचं नाही. भात ठेवला, पण निम्मा. आठवड्यातून तीन रात्री भाकर.

खरी कमी प्रथिनांची होती. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम ही आपल्याकडची शिफारस. ताईंच्या उंचीला साजेसं वजन ५२ धरलं तर ४३ ग्रॅमच्या आसपास. ताई माळकरी, त्यामुळे अंडं नाही. पोळी-भातातून निम्मं-शिम्मं मिळत होतं आणि वरण म्हणजे पिवळं पाणी. गंमत अशी की घरची तूर क्विंटलानं अडत्याकडे जाते आणि वर्षभराची डाळ पुडीनं दुकानातून येते. या हंगामात एक पोतं तूर घरी ठेवून डाळ केली. शंभर ग्रॅम डाळीत २२ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं असतात. माणशी मूठभर जास्त डाळ घातली तरी वरणात सहा-सात ग्रॅम येतात. सकाळच्या टोस्टऐवजी घुगऱ्या: रात्री भिजवलेला हरभरा नाहीतर बरबटी (चवळी), सकाळी पोळ्या होतात तोवर उकडून, वर कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. लिंबानं लोह जास्त अंगी लागतं. डब्यात भाजीबरोबर जवसाची नाहीतर कराळाची चटणी आणि ताकाची बाटली.

सोयाबीनचा प्रयोग फसला. दोन एकर सोयाबीन पिकवणाऱ्या घरात त्याचा दाणा खाल्ला जात नाही, हे मला खटकत होतं. सोयाबीन कच्चं दळायचं नसतं, त्यात पचनाला आडवं येणारं द्रव्य असतं. आधी उकळून, वाळवून मग नऊ किलो गव्हात एक किलो, असं प्रमाण सांगितलं. ताईंनी सगळं नीट केलं. पोळीला वास येतो म्हणून मुलीनं डबा परत आणला आणि सासूबाईंनी ते पीठ गाईला घातलं. पुढच्या दळणात ज्वारीत हरभरा मिसळला, त्याला कोणी नाव ठेवलं नाही.

पालेभाजी पावसाळ्यात फुकट असते: तरोटा, पुढे अंबाडी, माठ; उन्हाळ्यात चिवळ. पण धुऱ्यावरची भाजी खुडण्याआधी त्या कडेला तणनाशक मारलं होतं का हे विचारायचं, स्वतःच्या वावरातसुद्धा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत. फवाऱ्याकडे सहज बघायची सवय तरी मोडायला हवी.

उपासाच्या दिवशी साखर चढायची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि ताटात साबुदाण्याची उसळ, आलू, वर गोड चहा. उपास सोडायला सांगितला नाही. मूठभर उकडलेल्या शेंगा, ताक, राजगिऱ्याची भाकर, एखादं फळ. संत्र्याच्या दिवसांत संत्रं, रस नाही. नवरात्रात हे पाळलं गेलं नाही.

वेच्यापासून उन्हाळ्यापर्यंत

पहिले चार महिने बरे गेले. वजन ६५ वर आलं. मग दिवाळी आणि वेचा एकदमच अंगावर आले. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणी सुरू झाली की घरचं कापूस, दुसऱ्याचं कापूस, किलोवर मजुरी. बाई त्या दिवसांत दुसरं काही बघत नाही आणि तिनं बघावं असं म्हणण्यात अर्थ नाही. ताकदीचे दोन दिवस एकावर आले, तोही वेच्याच्या सुट्टीचा. ओटी भरायची वाट न बघता अर्ध्यावरच गाठोड्यात रिकामी करायची, एवढा बदल मात्र टिकला, कारण त्यानं रात्री कंबर कमी धरू लागली. चकल्या-शेव पंधरा दिवस पुरल्या. संक्रांतीपर्यंत वजन ६६.५. ताई रुसून तपासणीला येईनात. मग आकडा बाजूला ठेवून बाजेवरून उठायला लावलं. वीस वेळा, न थांबता, गुडघ्याची तक्रार न करता. वजनाचा काटा जे सांगत नव्हता ते तिथे दिसलं.

उन्हाळा हा खरा व्यायामाचा हंगाम ठरला. वावर रिकामं, पण सकाळी आठनंतर बाहेर पडायची सोय नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गावात गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान होतं. ते आटोपलं की गटातल्या चार-पाच जणी तिथूनच फाट्याच्या रस्त्याला लागायच्या. एकटी बाई बूट घालून निघाली तर लोक हसतात. पाच जणी निघाल्या की तो गटाचा कार्यक्रम होतो. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांचा हिशेब धरला: एक अंतर जोरात, दोन अंतरं सावकाश. जोर किती? बोलता यावं, भजन म्हणता येऊ नये. आठवड्यातून तीन दिवस हे, दोन दिवस कॅन आणि बाज, एक दिवस सूर्यनमस्कार. ज्याला शहरात ‘वेगवेगळे वर्कआउट’ म्हणतात ते ताईंना वर्षातल्या या चार महिन्यांतच परवडतं.

लग्नाच्या पंगतीत बुंदी एकदाच आणि मठ्ठा आधी. यावर अधिक लिहिण्यासारखं नाही, कारण ते निम्म्याच लग्नांत पाळलं गेलं.

वर्षानंतर

वजन ६३.५, घेर ८७, रक्तदाब १२६/८०. उपाशी साखर १०१, एचबीए१सी ५.९, हिमोग्लोबिन ११.६.

हे आकडे मोठे करून सांगण्यासारखे नाहीत. बीएमआय अजून २७ च्या वर आहे, घेर अजून धोक्यातच. साखर खाली सरकली, पण उंबरठ्याच्या टप्प्यातून अजून बाहेर पडली नाही. हिमोग्लोबिन वाढण्याचं मोठं श्रेय गोळ्यांचं, आणि लोह भरून निघाल्यामुळे एचबीए१सी थोडं आपोआपही उतरलं असेल. म्हणून मी उपाशी साखरेच्या आकड्याला जास्त किंमत देते. चहाची साखर सुटली नसती तर नुसत्या व्यायामानं इतकं झालं असतं असं मला वाटत नाही. उलटंही तितकंच: चहा सुटून वजन उतरलं असतं, पण गुडघा सुधारला नसता. तो बाजेनं सुधारला.

पुढचं एचबीए१सी सहा महिन्यांनी. तोपर्यंत ताकदीचे दोन्ही दिवस वेच्यातही टिकतात का ते बघायचं आहे. ताईंनी मुलीला सोबत घ्यायचं ठरवलंय, कारण तिची दहावी आटोपली. सूर्यनमस्कार बंद झाले, धुऱ्यावरचं मागे वाकणं पुन्हा सुरू झालं. नवऱ्याची तपासणी अजून राहिली आहे. गेल्या वर्षी ते म्हणाले, “वेचा होऊ द्या.” वेचा झाला, तूर झाली. आता म्हणतात, “पेरणी होऊ द्या.”